एका दोनशेपानी वहीचे परीक्षण

परीक्षणासाठी माझ्याकडे पुस्तकं येतात ती साधारण दोन जातींची. पहिल्या जातीतलं पुस्तक कवी स्वतः घेऊन येतो, चहा पितो आणि "सवडीनं लिहा, पण याच महिन्यात लिहा" असं सांगून जातो. दुसऱ्या जातीतलं पुस्तक टपालानं येतं आणि कवी चहा आपल्या घरी पितो. मराठी कवितेचं भवितव्य या दुसऱ्या जातीच्या हाती आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. यंदा मात्र एक तिसऱ्याच जातीचं पुस्तक माझ्या टेबलावर येऊन पडलं आहे. त्याला मुखपृष्ठ आहे, पण त्यावर दप्तर घेतलेला एक मुलगा हसतो आहे. मलपृष्ठ आहे, त्यावर लेखकाच्या परिचयाऐवजी दोन ते दहाचे पाढे आहेत. लेखक आहेत, पण ते एकूण एकतीस आहेत. प्रकाशक कुणीच नाही. त्यामुळे मानधनाचा प्रश्न आपोआप मिटलेला आहे.

पुस्तक म्हणजे आमच्या लोणी काळभोरच्या क्रिकेट-लीगची दोनशेपानी वही. २००८ ते २०२५ असे अठरा हंगाम तीत नोंदलेले आहेत. आता पानं संपली. नवी वही घालायची, तर जुन्या वहीतले कोणते नियम नव्या वहीत उतरवायचे आणि कोणते जुन्यातच ठेवून वर खिळा ठोकायचा, यावर "तुम्ही लिहिणारे, तुम्ही अभिप्राय द्या" असं मंडळींनी ठरवलं. लिहिणाऱ्या माणसाला गावात अशीच कामं मिळतात. लग्नपत्रिकेतला मजकूर तपासून द्या, वाढदिवसाच्या फलकावरचं 'हार्दिक' ऱ्हस्व का दीर्घ ते सांगा, आणि आता हे. गावाचं पोलीस ठाणं २०२१ साली पुणे शहरात गेलं, गाव मात्र होतं तिथेच राहिलं. आणि गावातल्या साहित्यिकाचा दर्जाही.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आयपीएलचे खरे सामने खरे खेळाडू खऱ्या मैदानावर खेळतात; आम्ही दहा जण त्या खेळाडूंना कागदावर विकत घेतो. हंगामाआधी एका रविवारी लिलाव होतो. प्रत्येकाच्या गाठीला हजार खोटे रुपये. ज्यानं जो खेळाडू घेतला, त्याची मैदानातली कमाई याच्या खात्यावर. धावेला एक गुण, बळीला वीस, झेलाला पाच. दर शनिवारी रात्री आठच्या आत पुढच्या आठवड्याचे आपले अकरा जण चिठ्ठीवर लिहून वहीवाल्याकडे द्यायचे. हंगामाच्या अखेरीस जो दहावा येईल त्यानं पहिल्याला हापूसची एक पेटी द्यायची. बस्स. आणि जो खेळतो त्याला म्हणायचं 'मालक'. सोलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना जमिनीचे भाव जिथे जाऊन बसलेत, तिथे सर्वसामान्य माणसाला मालक म्हणवून घ्यायला एवढा एकच मार्ग उरलेला आहे. गुंठा परवडत नाही, गोलंदाज परवडतो.

हा प्रकार आमच्या गावात निघाला असा माझा दावा नाही. अमेरिकेत ओकलंडला विंकनबाख नावाच्या गृहस्थानं १९६२ साली तिकडच्या फुटबॉलवर हा खेळ बेतला, आणि १९६३ साली त्याच्या घरातल्या खेळायच्या खोलीत आठ जणांच्या पहिल्या लीगनं आपापले खेळाडू निवडून घेतले. पुढे १९८० साली न्यूयॉर्कात डॅनियल ओक्रेंट या पत्रकारानं बेसबॉलवर तसंच केलं. ज्या उपाहारगृहात मंडळी जेवायला जमत त्याचंच नाव खेळाला पडलं. या ओक्रेंटची एक गोष्ट मला फार लोभस वाटते: स्वतः शोधून काढलेला हा खेळ त्याला कधी जिंकता आला नाही. आपल्याकडेही काव्यशास्त्र लिहिणाऱ्यांच्या कविता असतात, त्या आठवल्या. तर सांगायचं म्हणजे, खेळ काढणं सोपं. आठ-दहा माणसं, एक खोली आणि संध्याकाळची रिकामी वेळ एवढं भांडवल पुरतं. अवघड आहे ते पुढचं. दहातले दोघे बदलून जातात, एकाचं लग्न होतं, एकाचं घर होतं, एकाला क्रिकेटच आवडेनासं होतं. आणि तरी पुढच्या वर्षी लिलाव होतो तो कसा? आमच्या वहीचा खरा विषय हाच आहे. वहीच्या संस्थापकाला हे ठाऊक नव्हतं. मोठ्या लेखकांचं असं होतं.

पूर्वार्धात, म्हणजे नियम १ ते ९ मध्ये, संस्थापकाची छाप पानोपानी दिसते. हे गृहस्थ एका सोसायटीत सचिव होते आणि त्यांनी आयुष्यभर उपविधी सोडून काही वाचलं नाही. त्यामुळे "सदर लीगमध्ये मालक या संज्ञेत संदर्भास बाध येत नसेल तर मालकाचा समावेश होईल" अशी वाक्यं भेटतात. भाषा भारदस्त आहे, आणि अर्थ तिच्या आड कधी येत नाही. जिंकणाऱ्याला गुण कसे, बरोबरी झाली तर काय, पाऊस पडला तर काय, पंचानं निर्णय फिरवला तर काय, हे सगळं त्यात आहे. पेटी चार डझनांची की पाच डझनांची आणि तीत डागी फळ निघालं तर जबाबदार कोण, हेही आहे. नाही ते एवढंच, की मालकच निघून गेला तर काय. नऊच्या नऊ नियमांत हा प्रश्न त्यांना एकदाही शिवत नाही. दहा जण २००८ साली जमले ते यावच्चंद्रदिवाकरौ जमलेले राहणार, असं गृहीत धरून संस्थापकानं खाली सही केली, शिक्का मारला (सोसायटीचा, हे चूकच), आणि चौथ्या वर्षी ते स्वतःच मुलाकडे नाशिकला गेले.

पहिला मालक गळाला तो २०१० साली. हे इथल्या तेल डेपोच्या टँकरवर होते. हंगामाच्या मध्यावर त्यांच्या चिठ्ठ्या यायच्या बंद झाल्या. भांडण नाही, तंटा नाही. नुसत्या चिठ्ठ्या बंद. पान ३१ ते ३६ वाचताना हा भाग कुणालाही कंटाळवाणा वाटेल, कारण त्यात नुसते आकडे आहेत. पण नीट वाचा. टँकरवाल्यांचा संघ जुन्याच अकरा जणांवर चालू राहिला. त्यातले दोघे जायबंदी, एक संघाबाहेर. म्हणजे त्यांचा दहावा नंबर पक्का. म्हणजे आंब्याची पेटी कुणाच्या डोक्यावर बसणार हे मे उजाडायच्या आधीच ठरलं. पुढच्या शनिवारी नवव्याची चिठ्ठी साडेनऊला आली. त्याच्या पुढच्या शनिवारी आठव्यानं "मागचेच अकरा" असा निरोप धाडला. तिसऱ्या आठवड्यात सातव्या नंबरच्या मालकानं चिठ्ठीवर दहाच नावं लिहिली, आणि वहीवाल्यानं विचारलं तर म्हणाला, "अकरावा तुम्हीच घाला काय तो." वाचकहो, लीग वरून मरत नाही. पहिला-दुसरा शेवटपर्यंत हिरिरीनं भांडत असतात. त्यांना खाली काय चाललंय याचा पत्ताही नसतो. ती खालून वर, ओल चढावी तशी मरत येते. त्या वर्षी पहिला आलेल्या मालकानं पेटीसाठी दोनदा टँकर डेपोच्या फाटकावर फेऱ्या मारल्या. शेवटी स्वतःच एक डझन विकत घेऊन खाल्ले.

यावर उत्तर म्हणून नियम १० आला, आणि माझ्या मते संपूर्ण वहीतला हा सर्वांत वाईट नियम आहे. प्रत्येकानं पाचशे रुपये अनामत ठेवायची; मध्येच सोडून गेल्यास जप्त. वाचायला चोख. पण साहित्यात काय नि लीगमध्ये काय, पात्राला दावणीला बांधलं की ते दावं तोडण्याचाच विचार करू लागतं. पूर्वी मालक सोडून जाताना चार लोकांना तोंड चुकवत जायचा. आता तो ताठ मानेनं जाऊ लागला. पाचशे रुपये भरलेत की! दोन हंगामांत तिघे गेले आणि तिघांनीही जाताना "जप्त करा" असं वर तोंड करून सांगितलं. दीड हजार रुपये जमले, मालक जमले नाहीत.

हे काही आमच्या वहीतच घडतं असं नाही. खऱ्या आयपीएलमध्ये पुण्याच्या नावाचा जो पहिला संघ होता, पुणे वॉरियर्स, त्याचं काय झालं आठवतंय ना? २०११, १२, १३ असे तीन हंगाम खेळला आणि तिन्ही वेळा तळाशी किंवा तळापासून एक पायरी वर राहिला. मालक सहारा आणि क्रिकेट मंडळ यांचा फीवरून वाद चालला होता. मे २०१३ मध्ये मंडळानं त्यांची बँक हमी वटवली, आणि सहारानं संघच सोडत असल्याचं जाहीर केलं. ऑक्टोबरात मंडळानं करार रद्द केला. एवढी मोठी मंडळी, एवढे मोठे आकडे. पण गोष्ट आमच्या नियम १० चीच. अनामतीला हात लागला की मालकाला रस्ता दिसतो. पुढे २०१६-१७ अशी दोन वर्षं पुण्याला दुसरा संघ मिळाला. त्यानं तर २०१७ चा अंतिम सामना मुंबईकडून एका धावेनं घालवला आणि मग तोही गेला, कारण तो मुळी दोनच वर्षांच्या बोलीनं आला होता. इतर ठिकाणी संघ असतो आणि मालक बदलतात. पुण्याला मैदान आहे, प्रेक्षक आहेत, मतं तर आहेतच आहेत. संघ तेवढा नाही.

पुन्हा वहीकडे. नियम १४ हा वहीतला विनोदी भाग आहे आणि तो जाणूनबुजून विनोदी लिहिलेला नाही, म्हणून उत्तम आहे. थेऊरचा साखर कारखाना बंद पडला तेव्हा तिथे नोकरीला असलेले आमचे एक मालक कर्नाटकातल्या कारखान्यावर गेले. जाताना संघ शेजाऱ्याकडे सोपवून गेले; "जरा बघा, येतोच." शेजाऱ्यानं तो तीन हंगाम बघितला. पहिल्या वर्षी नववा, दुसऱ्या वर्षी पाचवा, तिसऱ्या वर्षी पहिला. पहिला आल्याबरोबर मूळ मालक रात्रीच्या गाडीनं लोणीत हजर, आणि पेटीवर हक्क सांगू लागले. पान ८८ ते ९३ ही सहा पानं या एका खटल्यानं व्यापली आहेत. एक बाजू म्हणे, सातबाऱ्यावर नाव माझं. दुसरी म्हणे, तीन वर्षं चिठ्ठ्या कुणी लिहिल्या? मग आमच्यातल्या एका निवृत्त तलाठ्यांनी १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, कूळकायदा आणि 'कसेल त्याची जमीन' हे सगळं ऐकवून निकाल दिला: जो सलग तीन हंगाम चिठ्ठ्या देईल संघ त्याचा, फेरफार नोंदवून घ्यावा, आंबे निम्मे-निम्मे. निकाल लागेपर्यंत आंबे पिकून पुढे गेले होते, ही गोष्ट वेगळी. पण कायदा म्हणून मी या नियमाला मानतो. त्यात संघ कुणाचा हे पैशानं ठरलेलं नाही, शनिवारच्या चिठ्ठीनं ठरलेलं आहे.

(याच भागात २०२० सालचं एक पोटकलम आहे. त्या वर्षी आयपीएल सप्टेंबर ते नोव्हेंबर, तीही अमिरातीत झाली. हापूस कुठून आणायचा? तेव्हा "पेटी म्हणजे हंगामी फळाची पेटी" अशी दुरुस्ती झाली आणि विजेत्याला पुरंदरची सीताफळं मिळाली. बिया मोजून परत कराव्यात, असं खाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय. हा प्रक्षिप्त पाठ असावा.)

आता नियम १९. वहीतली सगळी गद्य पानं फाडली आणि एवढा नियम ठेवला तरी माझी हरकत नाही. तो लिहिला आहे आमच्यातल्या एका टाळकऱ्यानं. तुकोबांची पालखी दरवर्षी पुणं सोडल्यावर आमच्या गावी मुक्कामाला असते, तेव्हा असली माणसं इथे शोधायला जावं लागत नाही. नियम असा: "ज्यास जायचे त्याने जावे. अडवू नये. पण वीणा खाली ठेवू नये." एवढाच. खाली स्पष्टीकरण नाही, व्याख्या नाही, शिक्का नाही.

ज्यानं अखंड हरिनाम सप्ताह पाहिलाय त्याला यापुढे काही सांगायला नको. सात दिवस, रात्रंदिवस, वीणा खाली टेकवायची नसते. पहारे लावलेले असतात. कोणी किती ते किती उभं राहायचं त्याची यादी मंडपाच्या खांबाला चिकटवलेली असते. आपली वेळ संपली म्हणजे वीणेकरी नुसता निघून जात नाही. पुढचा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि मगच पहिला चप्पल शोधायला लागतो. पुढचा नाहीच आला तर उभं राहावं लागतं. माणूस बदलतो, वीणा वाजत राहते. आमच्या टाळकऱ्यानं ही रीत उचलून लीगला लावली: जायचं तर जा, पण आपल्या जागी माणूस आणून दे, त्याच्यासमोर एक चिठ्ठी लिही, आणि मग जा.

नियम लागू झाल्यापासून आजपर्यंत मध्येच बंद पडलेला संघ एकही नाही. मात्र परीक्षक म्हणून या नियमाचा एक अटळ परिणाम नोंदवला पाहिजे. माणसाला घाईच्या वेळी जागेवर आणून उभा करता येईल असा माणूस एकच असतो, तो म्हणजे मेहुणा. एकतीस मालकांपैकी अकरा जण कुणाचे ना कुणाचे मेहुणे आहेत. बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणता येत नाही आणि बायकोच्या भावाला विचारायची पद्धत नाही, या दोन खांबांवर आमची लीग उभी आहे. यातल्या बऱ्याच मेहुण्यांना क्रिकेटमधलं फारसं कळत नव्हतं. २०१८ च्या लिलावात एका नव्या मेहुण्यानं, पहिल्याच फेरीत, सचिनवर दोनशे रुपये लावले. खोलीत शांतता पसरली. हसावं तर सचिनचं नाव, कोण हसणार? शेवटी वहीवाल्यानं हलक्या आवाजात सांगितलं, "दाजी, ते आयपीएलमधून २०१३ लाच थांबले." दाजी जराही विचलित झाले नाहीत. म्हणाले, "मग नाव लिहून ठेवा. परत आले तर माझे." पान ११७ वर 'सचिन: दाजींसाठी राखून' ही पेन्सिलची नोंद अजून आहे, आणि पुढच्या आठ वर्षांत ती खोडण्याचा धीर एकाही वहीवाल्याला झालेला नाही.

हे दाजी लक्षात ठेवा.

मध्ये २०२१ ची पानं येतात. ती मला परीक्षकाच्या चष्म्यातून वाचता येत नाहीत, तरी वाचतो. त्या वर्षी साथीमुळे ४ मे रोजी आयपीएल थांबली. आमच्यातले एक मालक त्याच्या आठवडाभर आधी गेले होते. थांबली तेव्हा ते तिसऱ्या नंबरवर होते. १९ सप्टेंबरला उरलेले सामने अमिरातीत सुरू होणार असं ठरलं, तेव्हा त्यांच्या संघाचं काय, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात होता आणि काढला कुणीच नाही. नियम १९ इथे अडतो. आपल्या जागी माणूस देऊन जायला त्यांना कुणी वेळ दिला नव्हता. वहीवाल्यानं त्यांचा रकाना आखून ठेवला आणि मोकळा सोडला. अठरा तारखेच्या शनिवारी रात्री पावणेआठला त्यांचा मुलगा सायकलवरून आला, चिठ्ठी दिली आणि गेला. अकरा नावं, कर्णधाराच्या नावाखाली रेघ, सगळं रीतसर.

जुन्या हस्तलिखितांचे पाठ लावायची मला थोडी सवय आहे. म्हणून मी वहीला चिकटवलेल्या त्यांच्या जुन्या चिठ्ठ्या सगळ्या काढून ओळीनं मांडल्या. २०१२ पर्यंतचं अक्षर त्यांचं. उजवीकडे कललेलं, घाईचं, 'ळ' अर्धवट. २०१३ पासूनचं अक्षर सरळ, प्रत्येक शब्दावर पूर्ण रेघ, 'ळ' गोल गरगरीत. आणि सप्टेंबर २०२१ च्या चिठ्ठीवरचं अक्षर तेच. म्हणजे आठ वर्षं ज्या संघाशी आम्ही लढत होतो आणि ज्याच्या डावपेचांबद्दल पारावर ज्यांची पाठ थोपटत होतो, तो संघ वहिनींचा होता. त्यांनी कधी सांगितलं नाही, त्यांनीही कधी सांगितलं नाही. यातला पहिला 'त्यांनी' कोण आणि दुसरा कोण, ते वाचकानं आपलं आपण लावून घ्यावं. पुढच्या वर्षी लिलावाला वहिनी स्वतः आल्या. दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या आणि पहिल्या फटक्यात बटलरला घेतलं. "ह्यांना तो कधी पसंत नव्हता," एवढंच म्हणाल्या. २०२२ च्या त्या हंगामात बटलरनं ८६३ धावा आणि चार शतकं काढली, हे आपण जाणताच. पेटी वहिनींकडे गेली. पेटी देणारे होते अर्थातच दाजी.

इथवर वही चढत जाते. नियम २१ ते ३६ मात्र निव्वळ भरताड आहे. विद्यमान वहीवाल्यांना नियम लिहायची हौस आहे आणि त्यांच्या हातात लाल पेन आहे. 'चिठ्ठीचा कागद किमान पोस्टकार्डाएवढा असावा', 'चिठ्ठीस तेलकट डाग नसावेत', 'लहान मुलामार्फत पाठवलेल्या चिठ्ठीची जबाबदारी मुलाच्या पालकावर, म्हणजे पुन्हा मालकावरच राहील'. हे सोळा नियम नव्या वहीत घेऊ नयेत. नियम ३७ मात्र ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून ठेवावा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि आमच्या वहीच्याच वयाची, २००८ साली निघालेली, ड्रीम इलेव्हन कंपनी आपल्या पैशाच्या स्पर्धा थांबवून मोकळी झाली. त्यावर आमच्यातल्या एका कोर्टातल्या कारकुनांनी शंका काढली की आंब्याची पेटी हा पैसा धरायचा का. ठराव झाला: "आंबा हा पैसा नाही, आणि आपली वही कुठल्याच लाईनवर नाही." कायद्याची एवढी सुटसुटीत टीका मी अन्यत्र वाचलेली नाही.

आणि आता नियम ३८. तो अजून मंजूर नाही, नुसता प्रस्ताव आहे, शेवटच्या पानावर. राजबागेतल्या विद्यापीठाच्या बाजूनं दोन तरुण मालक अलीकडे आलेत. हुशार आहेत, इंग्लंडचा फुटबॉल बघतात. तिकडे प्रीमियर लीगमधले शेवटचे तीन संघ दरवर्षी खालच्या वर्गात घालवतात. त्यावरून त्यांनी लिहिलंय: "दहावा येणारा मालक पुढील हंगामास अपात्र. त्याचे जागी प्रतीक्षायादीतील होतकरू घ्यावा. यायोगे लीगचा दर्जा उंचावेल." प्रतीक्षायादीत सध्या चार नावं आहेत, आम्हाला कधी नव्हे ती मागणी आली आहे.

दाजी सात वेळा खेळले असतील-नसतील तो पाच वेळा दहावे आलेत. म्हणजे हा नियम कागदावर दहाव्यासाठी असला तरी तो दाजींसाठी आहे, हे सगळ्यांना कळतं. दाजींना कळतं की नाही ते ठाऊक नाही. त्यांनी परवा फक्त एवढंच विचारलं, की अपात्र झाल्यावर पेटी द्यायची की नाही.

माझा या प्रस्तावाला विरोध आहे आणि तो दयेपोटी नाही. वहीच्या पुराव्यावर आहे. मी पाचही वर्षांची शनिवारची पानं तपासली. दाजींची चिठ्ठी एकदाही आठच्या पुढे गेलेली नाही. २०२३ च्या मे महिन्यात, गणितानं त्यांना नववा येणंही अशक्य झाल्यावर, त्यांनी तीन शनिवार संघ बदलून दिलेला आहे. एकदा तर जायबंदी गोलंदाज काढून त्याच्या जागी दुसरा घातला. कशासाठी? काही मिळणार नव्हतं. पण त्या वर्षी नवव्याची चिठ्ठी वेळेवर आली. आठव्याची आली. सातव्यानं अकराच्या अकरा नावं लिहिली. २०१० सालच्या पान ३१ शेजारी हे पान ठेवून बघावं.

सप्ताहात संध्याकाळच्या कीर्तनाच्या वेळी वीणा घ्यायला गर्दी असते. मंडप भरलेला, दिवे लागलेले, पुढारी पुढे बसलेले. त्या पहाऱ्याला कुणीही उभं राहील, फोटोसुद्धा निघतो. रात्री दोन ते चारचा पहारा कोणी मागून घेत नाही. मंडपात तीन माणसं, त्यातली दोन झोपलेली, तिसरं कुत्रं. पण सप्ताह त्याच दोन तासांत मोडायचा असतो. आमच्या लीगमध्ये तो पहारा दहाव्या नंबरचा आहे आणि तो दाजी करतात. प्रतीक्षायादीतले चारही होतकरू पहिले यायला येताहेत. त्यातला एक जण दहावा येणारच, दहा जणांत कुणीतरी येतोच. आणि मेच्या मध्यावर त्याची चिठ्ठी येईल का, हे मला कुणी सांगावं. दर्जा उंचावेल हे मान्य. पण मग त्या उंचावलेल्या दर्जाचा दहावा मालक जूनमध्ये आंबे घेऊन दारात उभा राहील काय?

तरुण मंडळींचं म्हणणं, जिंकायची धडपड नको का? अहो, हवीच. म्हणून तर शेवटच्याला पेटी आहे. पेटी देणं वेगळं आणि हाकलणं वेगळं.

नव्या वहीत माझ्या मते नियम १ ते ९ जसेच्या तसे घ्यावेत, कारण संस्थापक नाशिकला अजून आहेत आणि चौकशी करतात. दहावा गाळावा, दीड हजार रुपयांचं काय करायचं ते वहिनींना विचारावं. कूळकायदा ठेवावा. एकोणिसावा पहिल्या पानावर घ्यावा, आणि त्यात वहिनींच्या बाबतीत जे झालं ते धरून एक ओळ वाढवावी की घरातलं माणूस आपणहून चिठ्ठी देत असेल तर त्याला कुणी काही विचारू नये. अडतिसावा जुन्या वहीतच राहू द्यावा. वहीवाल्यांचं लाल पेन कुणीतरी चालवायला म्हणून मागून न्यावं.

मुद्रणाबद्दल थोडं. अक्षर एकतीस जणांचं असल्यानं एकसारखं नाही. पान ५४ वर 'झेल' च्या जागी 'झोल' पडलं आहे आणि त्या मालकाला त्याचे पाच गुणही मिळालेले आहेत. पान ११७ चा कोपरा चहानं तपकिरी झाला आहे, पण पेन्सिलची नोंद शाबूत आहे. नव्या वहीत ती उतरवून घेताना शाईनं घ्यावी. बांधणी मधल्या पिनांवर सैल झाली आहे. पृष्ठे दोनशे, त्यातली चार खरेदीच्या वेळीच कमी होती.